गारगोटीपासून तसबीहपर्यंत

गेल्या पावसाळ्यात आम्ही सहावीच्या मुलांना भूगोलाच्या तासाला सांगितले होते की उद्या येताना प्रत्येकाने आपल्या परिसरातला एक दगड आणावा. दुसऱ्या दिवशी टेबलावर ढीग झाला. काळा पाषाण, मुरूम, चुनखडी, रेल्वे रुळाजवळची खडी आणि तीन-चार गारगोट्या. एका मुलीने आणलेली गारगोटी मात्र मधोमध फुटलेली होती आणि आत कांद्याच्या पाकळ्यांसारखी वलये दिसत होती. ती म्हणाली, "सर, ये अकीक है. नानी बोले, इसकू धो के तकिये के नीचे रखे तो रात में डर नै लगता."

वर्ग हसला. आम्हाला मात्र हसता आले नाही, कारण आमच्या घरीही अकीक आहे. आमच्या दादीची तसबीह अकीकाची होती. कुणा नातेवाइकाने हजहून आणलेली. दादी गेल्यावर ती आमच्या वाट्याला आली. दादीचाही विश्वास होता की या दगडाने छातीतली धडधड शांत होते. लहानपणी आम्ही आजारी पडलो की ती तसबीह आमच्या कपाळावरून फिरवली जाई.

एका बाजूला बी.एड. झालेला शिक्षक आणि दुसऱ्या बाजूला दादीचा नातू, अशी आमची पंचाईत त्या तासाला झाली. हे दगड कुठून येतात, माणसाने ते इबादतीसाठी, शांतीसाठी, दुखण्यासाठी कधीपासून आणि कशावरून निवडले, आणि त्यांनी खरोखर काय दिले, याचा शोध त्यानंतर आम्ही घेतला. तो वाचकांपुढे ठेवतो.

सुरुवात आपल्याच पायाखालून करावी लागते. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. त्याची जमीन मात्र सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची आहे. त्या काळी दख्खनवर लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले. लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूचे बुडबुडे अडकून पडले आणि दगडात पोकळ्या राहिल्या. पुढे लाखो वर्षे त्यांत सिलिका मिसळलेले पाणी झिरपत राहिले आणि थरावर थर बसला. वर्षाला एक वलय असा हिशेब इथे नाही, पण वलयांमागची गोष्ट हीच. पाषाण झिजून त्याची काळी माती झाली, पण आतला कठीण गोळा टिकला. नांगराच्या फाळाला लागतो, कयाधूच्या पात्रात सापडतो तो हाच. मराठीत गारगोटी, उर्दूत अकीक. काळा-पांढरा पट्टा असला की बाजारात त्याला सुलेमानी म्हणतात. अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासून उजेड पाडण्याचा खेळ इथल्या खेड्यांतल्या मुलांना कुणी शिकवावा लागत नाही.

म्हणजे ज्या दगडासाठी लोक मक्केच्या बाजारात पैसे मोजतात, त्याचे भाऊबंद आपल्या बांधावर पडलेले असतात. ही गोष्ट आजची नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' या नावाने ती ओळखली जाते. तीत आपले पैठण आहे आणि तेरही आहे. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून गाड्यांत भरून पट्टेदार दगड मोठ्या प्रमाणावर भडोच बंदरात येतात, असे त्यात नमूद आहे. पैठण, तेर, भोकरदन येथील उत्खननांत मण्यांचे ढीग निघाले. मराठवाड्याची गारगोटी बैलगाडीत बसून समुद्रापर्यंत जात होती आणि तिथून जहाजाने रोमन लोकांच्या अंगठ्यांत पोहोचत होती.

त्याही आधी सिंधू संस्कृतीचे कारागीर लांबट लाल मणी घडवत होते. असे मणी इराकमधल्या उर येथील राजघराण्याच्या कबरींत सापडले, आणि त्या कबरी सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. मेलेल्याच्या गळ्यात कुणी उगीच दगड घालत नाही. तेव्हाही त्या लाल रंगात माणसाला रक्षण करणारे काहीतरी दिसत असणार.

भडोचच्या बाजूला आजही या दगडाचा एक पीर आहे. नर्मदेजवळ रतनपूर येथे बाबा घोर यांचा दर्गा आहे. परंपरा सांगते की ते हबशी होते, आफ्रिकेतून आले आणि अकीकाच्या व्यापारात पडले. सिद्दी समाज त्यांना आपला पूर्वज मानतो, आणि हिंदू-मुसलमान दोघेही तिथे नवस बोलतात. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज प्रवासी दुआर्ते बार्बोसा याने या भागातल्या दगडांचे वर्णन केले, तेव्हा पांढऱ्या जातीच्या अकीकाला बाबांचेच नाव पडलेले होते. 'बाबागोरी' हा शब्द पुढे तीन-चारशे वर्षे व्यापाऱ्यांच्या तोंडी राहिला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला मलिक अंबर आपल्या मराठवाड्यात राज्य चालवून गेला आणि १६२६ मध्ये खुलताबादच्या मातीत विसावला, हे आम्ही मुलांना शिकवतो. हबशी माणसाचे नाव दगडाच्या व्यापाराशीही जोडलेले आहे, हे शिकवायचे राहून जाते.

आता निवडीकडे वळू. लोक दगड निवडत कशावरून? जुना नियम रंगाचा. लाल दगड रक्तासाठी, पिवळा काविळीसाठी, निळा-हिरवा फिरोजा नजर लागू नये म्हणून. जसा रोग, तसा रंग. युनानी हकिमांनी याच्या पुढे जाऊन दगड औषधातही घेतले. कुश्ता-ए-अकीक आणि मोत्यांचा खमीरा-ए-मरवारीद ही नावे आजही दवाखान्यांत ऐकू येतात. पण हकीम भस्म करतो, मात्रा ठरवतो, नाडी बघतो. ते चूक की बरोबर हे तपासता येते. बोटातल्या नगाबद्दल कुणी मात्रा सांगत नाही, त्यामुळे तो चुकला असे सिद्धही होत नाही.

तपासणारे मात्र आपल्यात झाले आहेत. आमच्या मुलांना अल-बेरुनी ठाऊक असतो तो हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिणारा म्हणून. त्याने अकराव्या शतकात, आयुष्याच्या उतारवयात, रत्नांवरही एक मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या काळी सर्वत्र मानले जाई की पाचू दिसला की सापाचे डोळे फुटतात. मोठमोठ्या विद्वानांनी हे लिहून ठेवले होते. बेरुनीने साप धरून आणवला. त्याच्या गळ्यात पाचूची माळ घातली, टोपलीत पाचू पसरले, डोळ्यांसमोर पाचू हलवून पाहिले. नऊ महिने, उन्हाळ्यात आणि थंडीत. सापाला काहीही झाले नाही. उलट त्याची नजर थोडी तेज झाली असेल तर नकळे, अशी मिस्कील नोंदही त्याने केली. विज्ञानाच्या प्रयोगाचा याहून सोपा धडा आम्हाला पाठ्यपुस्तकात सापडलेला नाही.

दीनच्या अंगाने पाहिले तर पैगंबर साहेबांच्या चांदीच्या अंगठीत हबशी नग होता, असे हदीसच्या प्रमाण ग्रंथांत आले आहे. त्या अंगठीचा एक उपयोगही ठाऊक आहे, पत्रांवर मोहर उठवण्याचा. अकीक घातल्याने गरिबी जाते, बरकत येते अशी वचनेही लोकांत फिरतात. शिया परंपरेत अकीकाला मोठा मान आहे आणि तो त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे. सुन्नी हदीस-तज्ज्ञांनी मात्र बरकतीची ही वचने तपासून त्यांतली बहुतेक कमकुवत किंवा बनावट ठरवली. हजरत उमर यांचा प्रसंग तर प्रत्येक हाजी सांगतो. काबागृहातल्या काळ्या दगडाचे चुंबन घेताना ते म्हणाले की तू दगड आहेस, नफा-नुकसान करणे तुझ्या हाती नाही हे मी जाणतो, पैगंबरांनी केले म्हणून मी करतो. साऱ्या उम्मतीला ज्याचा आदर, त्या दगडापाशी उभे राहून हे बोलणे सोपे नव्हते.

आमच्या जिल्ह्यातही अशीच एक कथा नांदते. नर्सी हे संत नामदेवांचे गाव इथले, आणि औंढा नागनाथाचे मंदिरही इथले. आख्यायिका अशी की नामदेव गुरूच्या शोधात औंढ्याला आले, तेव्हा विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले दिसले. नामदेवांनी हटकले. विसोबा म्हणाले, मी म्हातारा झालो, जिथे देव नसेल तिथे तूच माझे पाय उचलून ठेव. नामदेव जिथे पाय ठेवतील तिथे पिंड दिसू लागली. उमर आणि विसोबा यांची वाट एक नव्हे. आम्हाला तशी ओढाताण करायचीही नाही. पण दोघांनीही भक्ताची नजर दगडापाशी थांबू दिली नाही, एवढे नक्की. वारकऱ्याने गळ्यात हिरा-माणिक मागितले नाही, तुळशीच्या लाकडाची माळ घातली. आणि पैगंबर साहेबांनी जिक्र बोटांवर मोजायला सांगितले. बोटांना काय किंमत पडते?

राजांनाही दगडाने तारले नाही. हिंगोली ज्या हैदराबाद संस्थानात होते, तिथल्या निजामाकडे जेकब हिरा होता. वजन १८४.७५ कॅरेट. सहाव्या निजामाने तो घेतला, त्यावरून कोर्टकचेरी झाली. पुढे तो त्यांच्या जोड्याच्या टोकात दडवलेला सापडला आणि सातव्या निजामाने तो कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवला, असे सांगतात. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान गेले. १९९५ साली निजामाचे जवाहीर भारत सरकारने २१८ कोटी रुपयांना घेतले, त्यात हा हिराही आला. एवढ्या मोठ्या रत्नाने आपल्या मालकासाठी केलेले ठाऊक असलेले काम म्हणजे कागदावर वजन.

तरीही दगडांचा बाजार आज पूर्वीपेक्षा मोठा आहे. उरसाच्या दिवसांत चादरी-इत्राच्या दुकानाशेजारी नगांची पेटी असतेच. शहरांत त्याच वस्तूला 'क्रिस्टल' म्हणतात आणि ध्यानासाठी, चक्रांसाठी, झोपेसाठी विकतात. जळगाव, नाशिक, औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, या भागांत विहिरी आणि खाणी खोदताना पोकळ्यांतून निघणारे अपोफिलाइट, स्टिल्बाइट यांसारखे स्फटिक परदेशी दुकानांत 'मनःशांतीचे' म्हणून मांडलेले असतात. ते सुंदर आहेत यात शंका नाही. सिन्नरला २००१ मध्ये के. सी. पांडे यांनी उभारलेले 'गारगोटी' संग्रहालय पाहून हे कुणालाही पटेल.

विक्रेते सांगतात की स्फटिकात कंपन असते. यात अर्धे सत्य आहे. १८८० मध्ये पिएर आणि झाक क्युरी या भावांनी दाखवले की स्फटिक दाबला की त्यात वीज उत्पन्न होते. विजेने तो कंपही पावतो. मनगटी घड्याळातली स्फटिकाची चिमुकली पट्टी सेकंदाला ३२,७६८ वेळा हलते. पण त्यासाठी बॅटरी लागते आणि मिळते ते वेळेचे मोजमाप. उशाखालची गारगोटी हलत नाही. सिलिकेचा मोठा चमत्कार आमच्याच जिल्ह्यात घडू पाहत आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे लायगो प्रयोगशाळा उभी राहायची आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिच्या २,६०० कोटींच्या खर्चाला मंजुरी दिली. अमेरिकेतल्या लायगोत प्रत्येकी ४० किलोचे, शुद्ध सिलिकेच्या काचेचे आरसे आहेत. दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीने त्यांत पडणारा अतिसूक्ष्म फरक मोजला जातो, आणि इथेही तेच व्हायचे आहे.

या बाजारात फसवणूक कशी होते तेही सांगितले पाहिजे. काळा ऑनिक्स बहुधा साखरेच्या पाकात भिजवून मग गंधकाम्लात टाकलेला साधा अकीक असतो. स्वस्त फिरोजा बऱ्याचदा रंगवलेला पांढरा दगड असतो. खरा अकीक काचेवर ओरखडा काढतो, हाताला थंड लागतो आणि त्याच्या आत हवेचे बुडबुडे दिसत नाहीत. ते दिसले तर ती काच समजावी. पण ही फसवणूक पैशांची. आमच्या नात्यातल्या एका चाचांची याहून मोठी झाली. कुणीतरी त्यांना रक्तदाबासाठी नग दिला. चाचांना बरे वाटू लागले आणि त्यांनी गोळी बंद केली. सहा महिन्यांत अंगावरून वारे गेले. उजवा हात पडला. नग त्याच हातात होता. नगाने त्यांना आजारी पाडले नाही. गोळी सुटली म्हणून ते पडले. ती गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळत होती.

एवढे कळल्यावर आमचा लेख इथे संपायला हवा होता. पण तसबीहचा माग काढत आम्ही खंबायतपर्यंत पोहोचलो, आणि तिथे निराळेच चित्र दिसले.

हजहून आणलेली म्हणून जी तसबीह घरोघर असते, तिचे मणी कित्येकदा गुजरातेतल्या खंबायतचे असतात. रतनपूरच्या बाजूचा पिवळट-तपकिरी गोळा उन्हात वाळवतात, मडक्यात घालून गोवरीच्या आरावर भाजतात. आतले लोह तापून दगड लाल होतो. मग कारागीर जमिनीत रोवलेल्या लोखंडी खुंटीच्या टोकावर दगड धरून म्हशीच्या शिंगाच्या हातोड्याने त्याचे कपचे काढतो. पुढे कमानीच्या गिरमिटाने भोक पडते. हे हुन्नर सिंधू संस्कृतीच्या मण्यांशी नाते सांगते म्हणून पुरातत्त्वाचे अभ्यासक तिथे जाऊन बसले. शेवटी मणी सहाणेच्या चाकावर घासतात. तिथून बारीक पांढरी धूळ उडते. ती सिलिकेची असते. श्वासाबरोबर ती फुप्फुसात खोल जाऊन बसते आणि फुप्फुस आतून कडक होत जाते. या रोगाचे नाव सिलिकोसिस. तो बरा करणारे औषध नाही, आणि तो जडलेल्याला क्षयही लवकर गाठतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंबायतच्या अकीक कारागिरांची तपासणी करून हे नोंदवून ठेवले आहे. घासकाम घरातच चालते. त्यामुळे चाकावर न बसणारी बायका-मुले आणि शेजारीही ती धूळ घेतात. धूळ ओढून घेणारे यंत्र बसवले, दगड पाण्याखाली घासला तर हे बरेच टळते. पण मण्याला मिळणाऱ्या दरात गरीब कारागिराला ते परवडत नाही.

ज्या दगडाने दादीच्या छातीतली धडधड शांत होई, तो घडवणाऱ्याची छाती दगड झाली असेल. हे वाचल्यावर आम्ही काही दिवस ती तसबीह हातात घेतली नाही.

नंतर घेतली. तिच्यात ३३ मणी आहेत. त्यांतला एक अकीकाचा नाही. आमच्या लहानपणी दोरा तुटून मणी पसरले, एक सापडलाच नाही. दादीने त्या जागी लाकडाचा मणी ओवला आणि पुढची पंचवीस वर्षे त्याच तसबीहवर सुब्हानअल्लाह मोजले. लाकडाच्या मण्यावर तिचे बोट कधी अडखळलेले आम्हाला आठवत नाही. तिला शांती दगडाने दिली असती तर तेहतीसातला एक दाणा रिकामा गेला असता. तिला ती पहाटेच्या त्या अर्ध्या तासाने दिली. घरात सगळे झोपलेले, ती एकटी जागी आणि ओठांवर नाव. ज्यांना ध्यानाच्या वेळी हातात काही धरावेसे वाटते, त्यांची ही गरज आम्हाला समजते. हाताला काम असले की मन थाऱ्यावर येते. त्यासाठी खजुराची बी चालते, तुळशीचा मणी चालतो, बांधावरची गारगोटी चालते. विकतच घ्यायचा असेल तर रंग आणि रास विचारण्याआधी दुकानदाराला एवढे विचारावे की हा घासला कुणी, आणि कसा. त्याला उत्तर ठाऊक नसेल. पण शंभरांनी विचारले तर तो कारखानदाराला विचारू लागेल.

आणि त्या मुलीचे काय? दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात पोपळी, वलये, बेरुनीचा साप असे सगळे तासभर सांगितले. मुले रंगून गेली. गारगोटी कागदाच्या चिठ्ठीसह शाळेच्या कपाटात ठेवू या, असे म्हणून आम्ही हात पुढे केला. तिने ती दिली नाही. "फिर रात कू डर लगेगा तो?" तिने विचारले.

तेव्हा आमच्या लक्षात आले की दगडाची सगळी माहिती आम्ही जमवली, पण तुला भीती कशाची वाटते, हे तिला अजून विचारलेच नव्हते. विचारले. बाप ट्रकवर असतो, पंधरा-पंधरा दिवस येत नाही. आई रात्रपाळीला जाते. घरात ती आणि धाकटा भाऊ. दाराची कडी मोडली आहे.

त्या रविवारी शाळेचा शिपाई आणि आम्ही जाऊन कडी बसवून आलो. साठ रुपये लागले. गारगोटी अजून तिच्याच उशाखाली आहे. आम्ही ती पुन्हा मागितली नाही.